शिवेवरची कोंडाक्का

कोंडाक्काला दोन आवाज होते. एक तिचा रोजचा. तो इतका बारीक की दुकानात मीठ मागितलं तर वाणी "काय?" "काय?" करत शेवटी अंदाजानं कसली तरी पुडी बांधून द्यायचा आणि नको असलेली हळद घेऊन ही मुकाट घरी यायची. दुसरा आवाज मंगळवारचा. मरीआईच्या देवळापुढं हलगी तापली, ऊद पेटला, की त्याच बाईच्या छातीतून असा आवाज निघायचा की कालव्याच्या कडेला चरणारी जनावरं मान वर करून बघायची. त्या आवाजापुढं पाटील पागोटं उतरवून बसत. मीठ मागणारीचं कुणी ऐकत नव्हतं आणि मंगळवारी बोलणारीचा शब्द कुणी खाली पडू देत नव्हतं.

मी बारामतीची. वडील गुळाच्या अडतीवर कामाला, घरी कधीमधी वर्तमानपत्र यायचं आणि मी मराठी चौथी झालेली. तेवढ्या शिदोरीवर मला वाटायचं की जगातलं सगळं आपल्याला कळतं. सन तीस उलटून गेल्यावर माझं लग्न झालं आणि मी इंदापूर तालुक्यात, कळसच्या अलीकडं एका वाडीत येऊन पडले. कोंडाक्काच्या भावाचं घर आमच्या घराला लागून. मधे फक्त काट्यांचं कुंपण, आणि त्याला एवढं भगदाड की कोंबड्यांपासून चुलीतल्या विस्तवापर्यंत सगळं त्यातून ये-जा करायचं. ती पहिल्यांदा विस्तव मागायला आली तेव्हा मला वाटलं, बाई भिंतीशी बोलतेय.

वाडीची लेक म्हणून सगळे तिला आक्का म्हणायचे. सांगवीकडं दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला भावाच्या दारात आणून सोडलं. भाऊ म्हणजे तात्या. माणूस वाईट नव्हता, पण बायकोपुढं त्याचं काही चालत नसे. घरात सगळ्यांचं झाल्यावर आक्काचं ताट. "आक्का, तेवढं जळण आना," "आक्का, तेवढी भांडी," आणि आक्काचं उत्तर ठरलेलं, "बरं." मंगळवारी मात्र तीच भावजय तिच्या पायांवर पाणी घालायची, कुंकू लावायची, ओटी भरायची. बुधवारी सकाळी पुन्हा "आक्का, शेन न्हाय का काढलं अजून?" मी सासूबाईंना विचारलं, हे कसं हो चालतं? सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय? मंगळवारची आई, बुधवारची आक्का."

ज्याच्या अंगात येतं त्याला आमच्याकडं झाड म्हणतात. कोंडाक्का मरीआईचं झाड. माझं मत ठाम होतं की हे सगळं सोंग आहे. नवऱ्याला मी ऐकवलंसुद्धा, "आठवड्यातून एकदा तरी गरम भाकरी मिळावी म्हणून बाई घुमते, दुसरं काय!" ह्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "हळू बोल."

मग एका मंगळवारी सगळं आटोपल्यावर ती भगदाडातून आमच्याकडं आली. डोळे सुजलेले, ओठ दातानं फुटलेला, तळहातांवर नखांच्या खुणा. माझ्या चुलीपाशी टेकली आणि म्हणाली, "मी आज काय काय बोलले गं?"

"तुम्हाला नाही माहीत?"

"न्हाय. हलगी ऐकू येती तवर मी आसते. मग डोळं उघडते तर समदी पाया पडत्यात. इचारलं तर कुनी सांगत न्हाय. आईचं बोलनं परत तोंडानं काढू नये म्हंत्यात. तू साळा शिकलीस, तू सांग."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलायला जो कोडगेपणा लागतो तो तिच्याकडं औषधालाही नव्हता. माझं सोंगाचं मत तिथंच विझलं. मी तिला सगळं सांगितलं: कुणाला नारळ सांगितला, कुणाला दम भरला, पाटलांना म्हशीवरून कसं झापलं. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडावर धरला आणि हसू लागली. "पाटलाला गाढवा म्हनले? मी?"

"तुम्ही नाही, आई म्हणाली."

"व्हय, आईच म्हनली आसंल. मला कुठलं जमतंय."

त्या दिवसापासून दर मंगळवारी ती यायची आणि मी तिला तिचंच बोलणं सांगायची. तिला त्याची मोठी गंमत वाटायची. कधी कधी मात्र हसणं थांबवून म्हणायची, "आसं बोलाया नको हुतं आईनं."

वाडीच्या शाळेचे मास्तर म्हणत, हा मनाचा खेळ आहे. दबलेली बाई आठवड्याचं एका दिवसात बोलून घेते. सप्त्याला येणारे कीर्तनकार बुवा म्हणत, देहभान सुटलं की जीव देहापलीकडं जातो, मग उरतो तो देव. पुढं बारामतीच्या वाचनालयातून मी पुष्कळ पुस्तकं आणून वाचली. कुणी मनाच्या बाजूनं लिहिलेलं, कुणी देवाच्या, कुणी समाजाच्या. आणि कादंबऱ्यांत तर स्वतःला विसरल्याशिवाय नायिका मोठी होतच नाही. स्वतःच्या पलीकडं जायचं तर आधी स्वतःला विसरायचं, यावर त्या सगळ्यांचं एकमत. मी कोंडाक्काला पाहिलंय, म्हणून माझं त्यांच्याशी जमत नाही.

आमची ती खालची वाडी. कालव्याच्या त्याच फाट्यावर, थोडी वर, वरची वाडी. फाट्याचं पाणी आधी त्यांना मिळायचं. त्यांच्या पाळीत त्यांचा ऊस भिजतो आणि आमच्या पाळीत फाट्यातून नुसता चिखल येतो, असं आमच्या लोकांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं वेगळं असणार, पण ते विचारायला कोण जातंय! त्या पाण्यावरून डोकी फुटली होती, सोयरिकी मोडल्या होत्या. आणि आमच्याकडं पटकी लागली की मरीआईचा गाडा निघायचा तो त्यांच्याच शिवेकडं.

ज्यांनी गाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पटकी, म्हणजे कॉलरा, हा आईचा कोप मानायचे. तिला वाजतगाजत गावाबाहेर पोचवायची. सुतारानं लाकडाचा लहानसा गाडा करायचा. त्यात आईची मूर्त, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात, लिंबाचा पाला आणि आजारी घरांतली एकेक चिंधी ठेवायची. माणसांनी ओढत तो शिवेच्या दगडापर्यंत न्यायचा. तिथं झाडाच्या अंगात यायचं, आई म्हणायची, "पल्याड घाला!" की गाडा दगडापलीकडं ढकलून मागं न बघता घरी यायचं. ज्यांच्या हद्दीत गाडा आला त्यांनी तो पुढच्या शिवेवर न्यायचा, त्यांनी त्याच्या पुढं. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात टाकायची आणि वर त्याला पूजा म्हणायचं. आजाऱ्याच्या चिंध्या घेऊन जाणारा गाडा वाटेत रोगाशिवाय दुसरं काय वाटणार? पण तो काढणारी माणसं काही दुष्ट नव्हती. घाबरलेली होती.

मी लग्न होऊन यायच्या आदल्या वर्षी असा गाडा वरच्या वाडीच्या हद्दीत गेला होता आणि तिथं बरीच माणसं दगावली होती. शिवेवर आपण होतो एवढं कोंडाक्काला ठाऊक होतं. आपण काय बोललो ते ठाऊक नव्हतं, आणि तिला सांगायला तेव्हा मी नव्हते.

एका मंगळवारी देवळापुढं एक परकी बाई येऊन बसली. वरच्या वाडीची सगुणा. त्या वाडीच्या माणसाला आमच्यात पाऊल टाकायला छाती लागायची, आणि ही एकटी ओटीत नारळ घेऊन आली होती. नवरा आधीच गेलेला, आणि गाडा आला त्या वर्षी दोन्ही लेकरं गेली. ती भांडायला आली नव्हती. झाडाच्या पायांवर डोकं ठेवून तिनं एवढंच विचारलं, "आई, माजं काय चुकलं? काय ऱ्हायलं माज्याकडनं?"

हलगी वाजत होती. कोंडाक्का घुमत होती, ती एकाएकी थांबली. सगळे मोठ्या आवाजाची वाट बघत होते. निघाला तो वाण्याच्या दुकानातला. "तुजं काय बी चुकलं न्हाय, बाय."

लोक गोंधळले. हलगीवाल्यानं हात चालवला, आणखी ऊद टाकला गेला, पण त्या दिवशी आई आली नाही. सगुणा मात्र कोंडाक्काच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग नारळ तिच्यापुढं ठेवून निघून गेली.

त्या संध्याकाळी कोंडाक्का आमच्याकडं आली ती सरळ सासूबाईंपुढं जाऊन बसली. "त्या वर्सी शिवंवर मी काय म्हनले हुते?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पल्याड घाला म्हनलीस. दुसरं काय म्हनशील? दर वक्ताला त्येच म्हंतीस."

कोंडाक्का यावर "बरं" म्हणाली नाही. उठली आणि भगदाडातून घरी गेली. मला तिची भीती वाटली; "बरं" न म्हणणारी आक्का काही तरी ठरवत असणार.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या वाडीत पटकी लागली. विहिरींनी तळ गाठला होता. लोकल बोर्डाचा माणूस येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेला, पाणी उकळून प्या म्हणाला. लोकांनी ऐकून घेतलं आणि सुताराला बोलावणं धाडलं.

गाडा निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कोंडाक्का आमच्या ओट्यावर आली आणि तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "मी गाडा पल्याड जाऊ देनार न्हाय."

मी हुशार. लगेच तोड काढली. "सोपं आहे, आक्का. अंगात आल्यासारखं करा आणि मोठ्यानं सांगा, गाडा नको, पाणी उकळा. आईचा शब्द कोण मोडणार?"

सासरे ओट्याच्या टोकाला वाखाचा दोर वळत बसले होते. तेही म्हणाले, "पोर बराबर म्हनती, आक्का. लोकांच्या भल्यासाटनंच हाय की."

कोंडाक्कानं मान हलवली. "आबा, आज आईनं सांगितलं म्हनून गाडा थांबंल. उद्या आनिक कुनाच्या अंगात यील, आनि आईनं सांगितलं म्हनून गाडा जाईल बी. गाडा मानसांनी ढकलला. आता मानसानंच थांबवाया पायजे."

"पण तुमचं ऐकणार कोण?" मी चिडूनच म्हटलं. मला खरंच राग आला होता. हातात हुकमाचं पान असताना ही बाई ते टाकून देत होती.

"न्हाय ऐकलं तर न्हाय," ती म्हणाली. "मी चाकाफुडं बसनार."

सकाळी गाडा निघाला. पुढं कोंडाक्का, केस मोकळे सोडलेली, मागं हलगी, मग गाडा, मग वाडी. तात्या स्वतः दोराला होता. शिवेच्या दगडापलीकडं वरच्या वाडीचे लोक काठ्या घेऊन उभे होते. दगड जवळ आला तशी हलगी वाढली. आता घुमेल, आता घुमेल म्हणून सगळ्यांचे डोळे तिच्याकडं. ती दगडापाशी गेली, वळली, दोन्ही हातांनी केस गोळा करून अंबाडा बांधला आणि चाकापुढं मांडी घालून बसली.

पाटील पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "आई, आमचं काय चुकलं?"

तिचे ओठ हलले. मागून कुणी तरी ओरडलं, "ऐकू येत न्हाय, आरं हलगी थांबवा!" हलगी थांबली. मग ऐकू आलं.

"आई न्हाय, पाटील. मी हाय, कोंडा. गाडा हितंच ऱ्हाईल. हितनं फुडं त्यांची लेकरं हायेत."

तात्या दोर टाकून धावला. "ऊठ, आक्का! आईला आडवी जातीस? वाडी मरंल आगं!"

"गाड्यातनं मरी गेली आसती तर त्या वर्सालाच गेली आसती. परत कशाला आली?"

"त्ये आईनं सांगू दे," पाटील म्हणाले.

"आई न्हाय सांगत. मी सांगते."

"तू कोन सांगनारी?"

 मला वाटलं, संपलं आता. "कुनी न्हाय," ती म्हणाली. "पर मी उठत न्हाय."

तिला ओढून बाजूला करायला कुणी धजेना. झाडाला हात लावला आणि आत आई असली तर? शिवाय पलीकडचे काठ्या घेऊन उभे. पाटलांनी पागोटं डोक्यावर घट्ट केलं आणि ते वळले. तात्या जाताना म्हणाला, "मग हितंच मर. घरात पाय ठिवायचा न्हाय." कोंडाक्का म्हणाली, "बरं."

घुमताना ती हरवून जायची आणि लोक म्हणायचे, कुठल्या कुठं पोचली बाई! मी तिला खरंच कुठं तरी पोचलेली पाहिली ती त्या सकाळी, अंबाडा बांधून, पुरी शुद्धीवर, घामानं निथळत चाकापुढं बसलेली. तिचं माहेरही त्या दिवशी सुटलं आणि मंगळवारही.

ती तिथंच राहिली. चिंध्या जाळल्या, दहीभात पुरला, चार फांद्या रोवून वर पाचट टाकलं आणि त्या खोपीत आधी आईची मूर्त ठेवली, मग आपण बसली. देवीवर तिचा राग नव्हता. "तिला कशाला उन्हात ठिवू?" म्हणायची. सासूबाई तिचं नाव काढलं की तोंड फिरवायच्या, पण रोज त्यांच्या हातून एखादी भाकरी जास्त थापली जायची आणि सासरे ती "कुत्र्याला टाकून येतो" म्हणून फडक्यात बांधून शिवेकडं न्यायचे. आमचं कुत्रं दारातच झोपलेलं असायचं.

वाडीत त्यानंतरही माणसं गेली. हलगीवाल्याचा कर्ता मुलगा गेला. तो म्हातारा शिवेवर आला आणि हलगी तिच्या अंगावर भिरकावून म्हणाला, "आता तूच वाजीव!" तिनं हलगी उचलली, पदरानं पुसली, आणि त्याच्या शेजारी बसून त्याच्याइतकीच रडली. तिनं त्याला काही पटवायचा प्रयत्न केला नाही. तो संध्याकाळपर्यंत तिथंच बसला होता.

हळूहळू आमच्याकडची पटकी उतरली, आणि वरच्या वाडीत लागली. गाडा गेला नव्हता, पण माणसं एकाच बाजाराला जात होती. आमच्या लोकांना आयतंच मिळालं: बघा, थांबवून काय साधलं? मग एका सकाळी बातमी आली की वरच्या वाडीची माणसं शिवेकडं निघालीत. आता ते गाडा आपल्यावर ढकलणार, म्हणून आमचे पुरुष काठ्या घेऊन धावले. बायाही मागं गेल्या, सासूबाईंच्या मागं मीही.

पलीकडून आला होता एकच म्हातारा, रिकाम्या हातानं. दगडाला हात टेकून उभा होता. "गाडा आमी काढलाच न्हाय," तो म्हणाला. "ह्या बाईनं तुमचा थांबवला, आमी आमचा कुठल्या तोंडानं ढकलावा? पर घरंच्या घरं आडवी झाल्यात. पानी पाजाया हात न्हाईत."

 कोंडाक्का खोपीतून बाहेर आली. "सगुणा कशी हाय?"

"ती बी आडवी."

तिनं पदर खोचला. पाटील म्हणाले, "आक्का, तिकडं गेलीस तर परत वाडीत घेनार न्हाय. ह्ये समद्यांनाच सांगतोय." तिनं कुणाला बोलावलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. दगड ओलांडून ती म्हाताऱ्याच्या पुढं चालू लागली.

मी चोरून सासूबाईंकडं बघितलं. वरच्या वाडीचं नाव निघालं की त्या थुंकायच्या. त्यांच्या पाठच्या भावाचं डोकं पाण्याच्या भांडणात तिथल्याच काठीनं फुटलं होतं आणि तो त्यातून उठला नव्हता. त्या कोंडाक्काच्या पाठीकडं बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले. मग एकदम माझ्यावर खेकसल्या, "बघतीस काय? चुलीवरचा हंडा आन, उकळल्याला. आनि मिठाची पुडी घे."

"आत्याबाई, पाटील म्हणतात..."

"पाटील पानी पाजाया येनार हाय का? चल!"

मी धावत घरून हंडा आणि मीठ आणलं, आणि हंडा डोक्यावर घेऊन आम्ही दोघी पाटलांच्या समोरून गेलो. दगडापाशी मी थबकले. सासूबाईंनी माझा दंड धरला आणि मला अक्षरशः पलीकडं ओढलं. मागून आणखी पावलं वाजली. बऱ्याच बाया होत्या, आणि त्यांत पाटलांची कारभारीणही होती. त्यामुळं वाडीत न घेण्याचा विषय पुढं पाटलांनी कधी काढला नाही.

तिकडं आम्ही काय केलं ते सांगण्यासारखं नाही. पाणी उकळायचं, मीठ घालून पेज करायची, चमच्यानं पाजायची, घाण काढायची, पुन्हा पाजायची. काही वाचले, काही नाही वाचले. ज्या घरातल्या काठीनं सासूबाईंचा भाऊ गेला त्या घरातल्या पोराला त्यांनी मांडीवर घेऊन पाजलं आणि ते वाचलं.  सगुणापाशी कोंडाक्का बसली होती. सगुणाला जगायचं नव्हतं. तोंड मिटून घ्यायची. कोंडाक्का म्हणायची, "मिट. मी बसल्ये हितंच." चाकापुढं बसलेली बाई ती, सगुणानं तिच्यापुढं काय टिकाव धरावा! ती उठली.

सगळं निवळल्यावर तात्या बैलगाडी घेऊन वरच्या वाडीत गेला. बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "चल घरी, आक्का. मंगळवारी लोक येत्यात, तुला इचारत्यात."

"सगुणा एकली हाय, तात्या. मी हितंच ऱ्हाते," ती म्हणाली. "आनि लोकांना म्हनावं, मंगळवारी नका येऊ. बुधवारी या."

त्यानंतर दोन्ही वाड्यांचं पाण्याचं भांडण मिटलं, असं कुणी समजू नका. ते माझे केस पिकेपर्यंत चालू होतं. गाडा मात्र त्या फाट्यावर पुन्हा कुणी काढला नाही.

काही वर्षांनी ह्यांना बारामतीला अडतीवर काम लागलं आणि मी माहेरच्या गावी येऊन राहिले. बाजाराच्या दिवशी पणदऱ्याच्या माळव्यावाल्यांच्या शेजारी सगुणा आणि कोंडाक्का वांग्यांच्या पाट्या लावून बसायच्या. सगुणा ओरडून भाव सांगायची, कोंडाक्का तागडी धरायची. दोघींनी एकमेकींना बहीण मानलं होतं आणि बहिणींसारख्याच भांडायच्या. मी पिशवी बाजूला ठेवून त्यांच्यात बसायची. तिथंच एकदा मी तिला विचारलं, "आक्का, आई परत कधी आली नाही हो अंगात?"

"न्हाय."

"वाट बघता?"

"बघती की. सवय हाय तिची." तागडीतलं एक वांगं काढून दुसरं टाकत ती म्हणाली, "आली तर बसवीन, च्या पाजीन. पर आता मला इचारल्याबिगर बोलाया न्हाय देनार." सगुणा मोठ्यानं हसली आणि गिऱ्हाईक भाव विचारायचं विसरून दोघींकडं बघत राहिलं.

नंतरच्या एका बाजाराला सगुणा एकटीच बसलेली दिसली. तागडीही तीच धरत होती. मला बघून तिनं पाटी सरकवून जागा केली आणि सांगितलं, थंडीतापाचं निमित्त झालं, दोन्ही वाड्या मातीला आल्या होत्या, निरोप द्यायला माणूस मिळाला नाही.

मी भरल्या बाजारात, वांग्यांच्या पाटीपाशी बसले आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला तरी सावरला नाही, मोठ्यानं रडले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. बघू देत म्हटलं.